न कळता दिलेला होकार

लोक वसईला किल्ला बघायला जातात. मी गेले ती चित्रपट सांगायला. 'सांगायला' असं का म्हणते, ते आधी स्पष्ट करते.

पास्कलसर वसईजवळ गासच्या शाळेत शिकवतात. पुण्याला शिक्षकांच्या एका शिबिरात आमची ओळख झाली होती. मी सोलापूरला कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि आमच्या चित्रपट मंडळात चित्रपटाआधी चार शब्द बोलते, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मार्चमध्ये त्यांचा फोन आला. "सुनंदाबाई, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. लग्नं नाहीत, नाचगाणी नाहीत, आमचा हॉल मोकळा पडलाय. दोन चित्रपटांच्या व्हीसीडी मिळाल्यात. छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू माणसांवरचे आहेत. वाचल्यानंतर ती माणसं कशी जगली, त्याचे. खूप गाजलेले. पण खाली इंग्रजी अक्षरं आहेत आणि आमच्या म्हाताऱ्यांना ती वाचता येत नाहीत. तुम्ही माइक घेऊन मराठीत सांगाल का?"

या विषयावर माझं एक भाषण होतं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. म्हटलं, येते. प्रवासाचं काही सांगत बसत नाही. सगळ्यांचा असतो तसाच झाला.

गास, गुरुवार

नालासोपारा स्टेशनाच्या पश्चिमेला रिक्षेत बसले. बराच वेळ इमारतीच इमारती होत्या आणि मग त्या एकदम संपल्या. कुणी हात धरून थांबवल्यासारख्या. पुढे केळीच्या बागा, भात कापून झालेल्या शेतांत वाल, आणि घरांच्या कडेला विहिरी. आमच्याकडे मार्चमध्ये नजर जाईल तिथे मातीच दिसते. इथे डोळ्यांना इतकं हिरवं सोसेना.

पास्कलसरांची आई ओट्यावर बसली होती. लाल चौकड्यांचं लुगडं, कानांत जड सोनं. तिची बोली निम्मी मला कळत नव्हती आणि माझी सोलापुरी तिला. तरी तिने मला बसवून तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी वाढली आणि शेवटी हातावर एक तपकिरी, चिकट, सुरकुतलेली वस्तू ठेवली. मला आधी खजूर वाटला. ती सुकेळी होती, उन्हात वाळवलेलं केळं. तोंडात टाकलं तर मधासारखं गोड. मी आमच्याकडच्या कडक भाकरीचं कौतुक सांगितलं, आठवडाभर टिकते म्हणाले. तिने मुलाकडे वळून काहीतरी विचारलं. पास्कलसर हसत म्हणाले, "आई विचारतेय, आठवडाभर टिकते म्हणजे कुणी खात नाही का?"

संध्याकाळी हॉल भरला. पुढे म्हाताऱ्या, मागे तरुण मंडळी, दाराशी सायकली. मी माझं भाषण केलं. वाचलेल्या माणसाच्या आत छावणी कशी शिल्लक राहते, वगैरे. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग चित्रपट सुरू झाला.

समुद्राकाठच्या एका परक्या गावात पाव भाजून विकणारी एक विधवा. टेबलापाशी मुलीबरोबर बसली आहे, खिडकीतून ऊन येतंय, दोघी हसताहेत. मी माइकवरून सांगू लागले. मुलगी काय म्हणाली, आई काय म्हणाली. गोष्टीचे सांधे मला जुळत नव्हते, पण असे चित्रपट काळात मागेपुढे जातात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी धीटपणे सांगत राहिले. तासाभराने पडद्यावर नावं वर सरकू लागली, तेव्हा कळलं. या एकाच चित्रपटाच्या दोन तबकड्या होत्या आणि त्यांवरची लेबलं उलटी होती. आम्ही शेवट आधी पाहिला होता.

"आता?" मी माइक झाकून विचारलं.

"लावू या की दुसरी," पास्कलसर म्हणाले. "कुणी उठलेलं नाही."

मग सुरुवात लागली. ती बाई छावणीतून वाचलेली. घरातही, उन्हाळ्यातही, अंगावरचा जाड कोट काढत नाही. मुलीला त्याची लाज वाटते. मूळ चित्रपटात ती शेवटी कोट उतरवते आणि तिथे परदेशातले प्रेक्षक रडले असणार. आमचा चित्रपट मात्र भर उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावून उभ्या असलेल्या बाईपाशी येऊन थांबला. मुलगी म्हणतेय, "आई, कोट काढ ना." आणि दिवे लागले.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, पहिला कोट काढला होता ना तिने? मंग परत घातला?"

मी तबकड्यांची चूक समजावून सांगू लागले, तोवर मागून कुणीतरी म्हणालं, "थंडी वाजली असंल बिचारीला." आणि ते बऱ्याच जणांना पटलं. मी माइक हातात धरून उभी होते. माझ्या भाषणातलं एकही वाक्य या चित्रपटाला आता बसत नव्हतं.

तेवढ्यात पास्कलसरांनी मोठ्या उत्साहाने जाहीर केलं, "आज आपल्यात एक ज्यू भगिनी आहेत. विरारहून आल्या आहेत. मिल्कामावशी. त्या आपल्याला त्यांच्या समाजाचं दुःख सांगतील."

सत्तरीच्या आसपासची, बारीक अंगाची, गुलाबी सुती साडीतली बाई उठली. पदर खोचला आणि शुद्ध आपल्या मराठीत म्हणाली, "आमच्यावर काही नाही झालं हो. आम्ही अलिबागकडचे. आमचे आजोबा तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. तेवढंच. कुणी कधी बोट लावलं नाही आम्हाला."

हॉलभर जरा निराशा पसरली. ती मावशींच्याही लक्षात आली असावी. कारण बसता बसता त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

"पण अशी एक बाई मी पाहिली आहे. म्हणजे तिची सेवाच केली. इस्रायलला म्हाताऱ्यांच्या एका घरात मी कामाला होते. गीटा नाव तिचं. छावणीतून आलेली. तिला न्हाणीघरात वरच्या तोटीखाली उभं केलं की ती किंचाळायची. छावणीत आंघोळीला म्हणून नेऊन विषारी वायू सोडायचे ना. भिंतीला चिकटून बसायची. तिथे सगळीकडे तोटीच, बादली हा प्रकार कुणाला माहीत नाही. मी बाजारातून प्लास्टिकची बादली आणली. माझ्या सामानात आईचा तांब्या होता. तिला पाटावर बसवलं आणि आपण पोराला घालतो तशी आंघोळ घातली. तिला पाणी येताना दिसलं पाहिजे, एवढंच होतं. नंतर ती माझ्याशिवाय कुणाला हात लावू देईना."

त्या बसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि वाजवायच्या की नाही हे मलाही कळलं नाही.

लोक पांगले तेव्हा मावशी माझ्याजवळ आल्या. माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "तुम्ही असे चित्रपट पुष्कळ पाहिलेत ना? मग उद्या दुपारी माझ्याकडे या. मला एक विचारायचंय."

विरार, शुक्रवार

शुक्रवारी गासला चित्रपट नव्हता. उपवासकाळातला शुक्रवार, चर्चमध्ये क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, होती. मी दुपारी विरारला गेले. एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मावशी मुला-सुनेबरोबर राहतात. मुलगा-सून दोघं मुंबईला नोकरीला. दाराच्या चौकटीवर आत प्रार्थनेचा कागद असलेली एक लहानशी तिरपी डबी ठोकलेली होती. मावशींनी तिला बोट लावलं आणि बोट ओठांना लावलं. आम्ही उंबऱ्याला हात लावतो तसंच.

वीज गेलेली. शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा त्यांचा दिवस, संध्याकाळी सुरू होणार म्हणून त्यांचा स्वयंपाक घाईत चालला होता. मला नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा दिला. सोलापूरला गव्हाचा चीक आम्ही कुरडयांसाठी काढतो, त्याची अशी मऊ, गुलाबी वडी होऊ शकते हे मला नवीन होतं.

"तू म्हटलं तर चालेल ना गं?" त्यांनी विचारलं आणि बोलायला सुरुवात केली.

गीटा चालताना मावशींचा हात कधी धरत नसे. मनगट धरायची. इतकं घट्ट की मावशींच्या मनगटावर काळंनिळं व्हायचं. आणि त्यांना ती मिल्का म्हणत नसे. 'फेगेले' म्हणायची. मावशींना वाटलं, मिल्का म्हणता येत नसेल, किंवा लाडाचं काही असेल. शेवटी शेवटी गीटा हिब्रू विसरली. लहानपणीच्या भाषेत बोलू लागली. त्या भाषेला यिद्दिश म्हणतात. मावशींना हिब्रू कामापुरती येत होती, यिद्दिशचा एक शब्दही येत नव्हता.

"शेवटच्या दिवशी," मावशी म्हणाल्या, "तिने माझं मनगट धरलं आणि काहीतरी विचारलं. पुन्हा पुन्हा विचारत होती. डोळे माझ्यावर. मला वाटलं, पाणी हवंय. पाणी दिलं, घेईना. वाटलं, खिडकी. खिडकी उघडली. तरी विचारतेच. मग मी म्हटलं, हो गं, हो. मराठीतच म्हटलं. हो बाळा, हो. आणि तिने हात सोडला. अर्ध्या तासात गेली."

त्यांनी गॅस बारीक केला.

"तिची मुलगी तमार दारात उभी होती. तिला ती भाषा थोडी कळते. शोकाचे दिवस चालू होते तेव्हा तिने मला विचारलं, तुला माहीत आहे का, तू कशाला हो म्हणालीस? आई म्हणत होती, फेगेले, मी तुझा हात सोडला, मला क्षमा करशील का?"

वीज आली. पंखा सुरू झाला आणि टेबलावरची चादर हलली.

"म्हणजे तिला एक बहीण असणार. तिथे कुठेतरी, गर्दीत, हात सुटला असणार. तमारला आयुष्यात कधी आईच्या कुठल्या बहिणीबद्दल कळलं नव्हतं. आणि मी त्या मेलेल्या पोरीच्या वतीने क्षमा करून मोकळी झाले. मी कोण? मला कुणी अधिकार दिला? तेव्हापासून हे मला सोडत नाही. घाबरून मी लवकरच इकडे निघून आले. तुझ्या एखाद्या चित्रपटात असं झालंय का? त्यात काय करतात?"

मी आठवू लागले. खरोखर मनापासून आठवू लागले. कोर्टात समोरासमोर आलेले भाऊ आठवले, कित्येक वर्षांनी भेटलेले नवरा-बायको आठवले. प्रत्येक ठिकाणी क्षमा मागणारा आणि करणारा, दोघेही जिवंत होते. "नाही मावशी," मी म्हटलं, "असं नाही पाहिलं कुठे."

"बघ," त्या म्हणाल्या. मला नापास केल्यासारखं नाही, त्यांना भीती होती तेच निघाल्यासारखं. "आणि रविवारी तमार येतेय. मुंबईला उतरलीये. फोनवर म्हणाली, एकच विचारायचंय. तू थांब माझ्याबरोबर. तिला इंग्रजी छान येतं."

"पण तुम्ही दोघी हिब्रूत बोलाल ना? माझं काय काम?"

"आम्ही दोघीच असलो तर ती जे विचारेल त्याला मी पुन्हा हो म्हणेन," मावशी म्हणाल्या. "म्हणून तिसरं माणूस पाहिजे."

गास, शनिवार

शनिवारी दुसरा चित्रपट होता. या वेळी तबकड्या मी स्वतः तपासल्या. म्हातारपणी पुन्हा भेटलेल्या दोन भावांची गोष्ट. सगळं सुरळीत, ओळीने, आणि शेवटी रडणं आणि मिठी. मी सांगत होते, पण आदल्या दिवशीपासून माझी जीभ अडखळत होती. धाकटा भाऊ म्हणतो, "मी तुला केव्हाच क्षमा केली." हे वाक्य मी सांगितलंच नाही.  लोकांना वाटलं माइक बिघडला. एकाने येऊन त्यावर टिचकी मारून पाहिली.

घरी जाताना पास्कलसरांनी विचारलं, "बरं नाही का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी चाल मंद केली. मग म्हणाले, "आमच्याकडे पापनिवेदनात फादर क्षमा करतात ती देवाच्या वतीने. पण एका माणसाच्या वतीने दुसऱ्याने... मला माहीत नाही बुवा." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "पण न कळता केली तर ती क्षमा होते का, तेही माहीत नाही."

एवढं बोलून आम्ही दोघे जास्तच गोंधळात पडलो.

कळंब, रविवार

तमार टॅक्सीने आली. पन्नाशीची, उंच, केस आखूड कापलेले, उन्हाने लाल झालेली. मला वाटलं होतं, भेटताच दोघी गळ्यात पडतील. त्यांनी हात मिळवले आणि एकमेकींच्या तब्येती विचारल्या. विरारच्या त्या फ्लॅटमध्ये वीज पुन्हा गेलेली, खिडकीतून वारा नाही. पास्कलसरांनी आपली व्हॅन आणली होती. "कळंबच्या किनाऱ्यावर जाऊ या," ते म्हणाले, "तिथे निदान हवा असते." त्यांची आई आधीच व्हॅनमध्ये बसलेली, मांडीवर सुकेळ्यांची पुडी.

कळंबला सुरूच्या झाडांखाली सावली होती. पलीकडे बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत टाकलेले, त्यांचा वास वाऱ्याबरोबर येत-जात होता. मी समुद्र तसा कमीच पाहिलेला. इथला समुद्र निळा नव्हता, मातकट होता, आणि त्यात रविवारच्या सहलीला आलेली कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी उभी होती. ओल्या वाळूत माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि उरलेली दुपार मी अनवाणी काढली.

तमारने आधी नावाचं विचारलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी आई त्या बहिणीबद्दल काही बोलली होती का? कारण तिने सगळीकडे चौकशी केली होती आणि कुठेही तसं नाव नव्हतं. फोटो नव्हता. आईच्या गावचं कुणी उरलं नव्हतं.

"फेगेले म्हणायची," मावशी म्हणाल्या. "रोज म्हणायची. तेच नाव असणार."

तमारने मान हलवली. मला इंग्रजीत म्हणाली, "अडचण तीच आहे. फेगेले म्हणजे लहानसा पक्षी. ते मुलीचं नाव असतं. आणि कुठल्याही लहान मुलीला लाडानेही तसंच म्हणतात."

मी मावशींना मराठीत सांगितलं. मावशी एकदम म्हणाल्या, "म्हणजे आपली चिमणी! आपण नाही का पोरीला म्हणत, ये गं चिमणे?"

म्हणजे बहीण होती, की शेजारची कुणी पोर होती, की गीटाची स्वतःची एखादी आधीची मुलगी होती, हेही आता सांगता येईना.  तमार म्हणाली, "आई मला शाळेत सोडायला यायची तेव्हा माझंही मनगट धरायची. हात नाही. मुली हसायच्या. मी हिसका देऊन सोडवून घ्यायचे."

पास्कलसरांच्या आईने मला खुणेने विचारलं, काय चाललंय. मी थोडक्यात सांगितलं, पास्कलसरांनी ते तिच्या बोलीत केलं. तिने पटकन तमारच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कबर नाय तर काय झालं? ज्यांची कबर नाय, त्यांची मेनबत्ती आमी मोठ्या क्रुसाकडे लावतो. चल, आत्ता लावू."

मी तमारला सांगितलं. तिचा चेहरा अवघडला. "त्यांचे आभार मान," ती म्हणाली. "पण क्रुसापाशी... माझ्या आईला ते आवडलं नसतं. ती चर्च दिसलं की रस्ता बदलायची."

मी पास्कलसरांच्या आईला सांगितलं, "ती आभार मानतेय." एवढंच. ती खूश झाली आणि तिने तमारला सुकेळी दिली. मागचं वाक्य गिळल्याबद्दल मला बरं वाटलं की वाईट, ते ठरवता आलं नाही.

मग तमार मावशींकडे वळली. हिब्रूत काहीतरी म्हणाली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. तमारने तेच मला इंग्रजीत सांगितलं, "मी एवढंच विचारायला आले आहे. आई काय विचारतेय हे जर तुला कळलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस का?"

मी ते मराठीत करायला तोंड उघडलं, आणि एक जोडपं दोन मुलांना घेऊन आमच्यापुढे येऊन उभं राहिलं. ओल्या कपड्यांतला बाप म्हणाला, "मॅडम, फॉरेनच्या का? एक फोटो काढू पोरांबरोबर?" तमार उठली. दोन्ही मुलांच्या खांद्यांवर हात ठेवून उभी राहिली, हसली. बापाला फोटो नीट येईना, त्याने दुसरा काढला. मुलांनी तिला हात हलवून टाटा केलं. ती परत येऊन त्याच जागी बसली.

मावशींना प्रश्न कळलेला होता. हिब्रूतच कळला होता. त्या मराठीत, माझ्याकडे बघून, म्हणाल्या, "नसतं म्हटलं. कसं म्हणणार? मी तिचा हात धरून गप्प बसले असते. ती विचारत विचारत गेली असती." मग म्हणाल्या, "हे मला तिच्या भाषेत म्हणवत नाही. तू सांग."

मी थांबले. हॉलमध्ये माइकवर मी कितीतरी वाक्यं मऊ केली होती, काही गाळली होती, घटकेपूर्वीही एक गाळलं होतं. 'त्यांना माहीत नाही' असं म्हणता आलं असतं. तमार इतक्या लांबून आली होती आणि तिच्या आईला मिळालेली एकुलती एक गोष्ट मी काढून घेणार होते. पण मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला तिथे का बसवलंय, ते मला ठाऊक होतं.

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं.

तमार उठून पाण्याकडे चालत गेली.  मावशी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "चुकलं का गं माझं?"  पास्कलसरांची आई काही न विचारता त्यांच्या अगदी जवळ सरकून बसली.

तमार परत आली ती पायांना आणि गालाला वाळू लागलेली. मावशींच्या समोर खाली बसली आणि तीही हिब्रू सोडून इंग्रजीत, सावकाश, मला प्रत्येक शब्द उचलता यावा म्हणून थांबत थांबत बोलली.

"मी दारात होते. मला कळत होतं आई काय विचारतेय. मी तेव्हाच तुला सांगू शकले असते, थांब, उत्तर देऊ नकोस. किंवा मी पुढे येऊन स्वतः हो म्हणू शकले असते. माझ्याच्यानेही झालं नाही. मी गप्प राहिले, कारण मला हवं होतं की कुणीतरी तिला हो म्हणावं, आणि ते मी नसावं. नंतर मी तुला असं विचारलं, जणू तूच काही केलंस. तू घाबरून निघून गेलीस. ते सांगायलाही आले मी. तो हो तुझ्या एकटीचा नाही. अर्धा माझा आहे."

मी मराठीत सांगत गेले. 

मावशी ऐकत होत्या. मग त्यांनी तमारच्या गालाला लागलेली वाळू बोटाने झाडली आणि पुटपुटल्या, "आणि त्या पोरीचा? तिचा वाटा कुणी विचारलाच नाही."

तमारने माझ्याकडे पाहिलं. मी तेही सांगितलं. ती फक्त "हो" म्हणाली. इंग्रजीत नाही, हिब्रूतही नाही. मराठीत, 'हो.' मावशींकडून शिकलेला तिला येणारा तो एवढाच मराठी शब्द असावा.

परत

सोमवारी मी निघाले. पास्कलसरांच्या आईने सुकेळ्यांची पुडी दिली आणि मुलाच्या तोंडून निरोप सांगितला की पुढच्या वेळी हसण्याचा चित्रपट आणा. सोलापूरला आल्यावर चित्रपट मंडळाने या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं. मी ते पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. जुनं भाषण करवत नाही आणि नवं काय करायचं ते कळत नाही. लोक विचारतात, वसई कशी आहे? मी केळीच्या बागा सांगते, चिकाचा हलवा सांगते, मातकट समुद्र सांगते.

मिल्कामावशींचा अधूनमधून फोन येतो. झोप बरी लागते म्हणतात. तमार दर वर्षी आईच्या स्मृतिदिनाला त्यांना फोन करते. यंदा म्हणाली, दोन दिवे लावले. दुसरा कुणाचा, ते तिने सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलं नाही.

"विचारायला हवं होतं का गं?" मावशींनी मला विचारलं.

"मला नाही माहीत, मावशी."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या, आणि मग सोलापूरला सध्या पाणी किती दिवसांनी येतं, हे विचारू लागल्या.